लाईट आली की

भिवंडी, मंगळवार

प्रिय धनेश,

मोबाईल तुझ्या दौलतकाकाच्या खिशात असतो, म्हणून हाताने लिहिते. अक्षराला हसू नकोस, माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. मी आहे तशी आहे, गुडघे आहेत तसे आहेत. तुझ्या उन्नतीताईला मुलगी झाली. नाकावरून तरी आपल्या घरातली वाटत नाही, पोरीचं नशीब.

आपल्या मागाच्या शेडमध्ये लोडशेडिंगचा कहर आहे. लाईट गेली की लूम गप्प होतात, आणि तेवढ्यात बायका मशीनमधली रुई काढून घेतात. चालू मशीनमध्ये कोण हात घालणार? बंद मशीनमध्येच घालतात, बिनघोर. त्यातली जमिला तर सूत गुंडाळायच्या त्या मोठ्या ड्रमखाली खांद्यापर्यंत शिरते. आणि तू त्याला तुझा तो कंप्युटरचा बोर्ड बसवून पुण्याला गेलास तेव्हापासून तोच ड्रम लाईट आली की आपणहून हलतो. बटणाला कोणी बोट लावत नाही. आधी एक हिसका देतो, मग थांबतो. कधी थांबतही नाही.

पहिल्यांदा त्याने जमिलाची ओढणी खाल्ली. मी समोर होते. मी दौलतला सांगितलं, तर म्हणतो, आक्का, तुला आता मशीनमधी पण भुतं दिसाय लागली. मग शेजारच्या चिंधूच्या फोनवरून तुला लावला. तू हसलास. म्हणालास, त्या बोर्डाला बोलायला दोन पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची तोंडं, आहेत, एक माझ्या लॅपटॉपशी बोलायचा, एक मशीनशी. दुसऱ्याचं सेटिंग जमेना, काका डोक्यावर बसलेला, म्हणून मशीनची वायर पहिल्यातच खुपसली. आता लाईट आली की बोर्ड जागा होताना स्वतःशी बडबडतो आणि मशीनला तो हुकूम वाटतो. येतो आणि बदलतो, चुटकीचं काम आहे, असं म्हणालास. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तुझी चुटकी काही वाजली नाही.

लहानपणी रेडिओ उघडून जोडला होतास. एक स्क्रू उरला, तरी गाणी लागली म्हणून घरभर नाचलास. मी म्हटलं, मेल्या, उरलेला कुठला ते आधी बघ. तू म्हणालास, वाजतोय ना.

मी बायकांना ड्रमजवळ जाऊ नका म्हणून ओरडायचे. दौलत मागून यायचा आणि साफ करा म्हणून ओरडायचा. त्यांनी कोणाचं ऐकायचं? लाईट आली की सगळी गल्ली ओरडते, पोरं टाळ्या वाजवतात. मी मात्र जमिलाचे हात शोधायचे.

काल एक सापडला नाही. उजवा, मनगटापासून. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा पहिलं हेच बोलली, आक्का, मैंने बटन को छुआ भी नहीं. इकडे दौलत साऱ्या भिवंडीला सांगत फिरतोय की बाईनंच बटण दाबलं. शुक्रवारी सरकारी साहेब मशीन बघायला येणार आहेत. त्याआधी तुझा काका तुला फोन करील, गुपचूप ये आणि ते सेटिंग बदलून जा म्हणेल. आणि आता तू धावत येशील, मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. बोर्डाला हात लावायचा नाही. आज तू पोर्ट बदललास की ड्रम शहाण्यासारखा गप्प बसेल आणि जमिला जन्माची खोटी ठरेल. शेडला मी कुलूप घातलंय, किल्ली माझ्या कमरेला आहे. दौलतला मी जन्म दिला, पण त्याच्यासाठी खोटी साक्ष देणार नाही. साहेबांसमोर लाईट घालवायची, परत आणायची, आणि काय होतं ते त्यांना बघू द्यायचं. मग तू पुढे होऊन सांगायचं की हे मी केलं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. हे पत्र घेऊन आलाय तो ओसामा, जमिलाचा थोरला. माल घेऊन पुण्याला येतच होता. आईचा हात खरा कशाने गेला ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. परत येताना त्याच्याच टेम्पोत बस. भिवंडीजवळचा कशेळीचा पूल येईपर्यंत वाट मोठी आहे, तूच त्याला सांग.

तुझीच आजी,
आक्का