ताईकडच्या गणपतीचा सांधलेला हात

२१ ऑग.
रोह्याच्या ताईचा गणपती आज माझ्याच कोपराने पडला. डोळ्यांची आखणीसुद्धा झाली होती. आशीर्वादाचा उजवा हात मनगटातून गेला. आमच्या गणपतीच्या कारखान्यात दुसरी शाडूची मूर्ती नाही, नवी करावी तर वाळायला ऊन कुठाय? हात शाडूनेच सांधला, वर रंग मारला. आता मलाही सांधा सापडत नाही.

बायको बघत होती. "अवो, भंगलेली मूर्ती पूजेला नाय चालत." म्हटलं, चतुर्थीला प्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच. बोललो खरा.

२६ ऑग.
ताई स्वतः इथे जोह्याला कारखान्यात येऊन मूर्ती घेऊन गेली. "यंदा डोळे काय बोलके झालेत रे बाळू!" मी मूर्तीवर कापड टाकून दिलं.

३० ऑग.
काल आरती करताना भावोजींना झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं जड. उजवाच हात! डॉक्टर म्हणतात, बीपीच्या गोळ्या महिनाभर बंद होत्या. म्हणजे गोळ्यांमुळेच. मग मला घाम का फुटतोय?

२ सप्टें.
गौरींबरोबर विसर्जन. भावोजी दवाखान्यात, म्हणून मूर्ती मीच नदीत नेली. पुटपुटलो, गजानना, चूक माझी, त्या घराला का शिक्षा? मग वाटलं, ज्याला सांगतोय त्याचाच हात मी मोडलाय. पण मोडला तेव्हा तो देव नव्हताच ना? मग माफी कुणाची मागतोय मी? डोकं चालत नाही.

७ सप्टें.
भावोजी घरी आले. ताईचा फोन. नैवेद्याला उशीर झाला म्हणून देव कोपला, असं तिने धरून ठेवलंय. भात सोडलाय, चहा-केळ्यावर आहे. "तो माफ करी तवर नाय जेवायची मी." अगं, माफ केलं हे कळणार कसं? चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर फोनवर हूं हूं करत होता. लाज वाटते.

८ सप्टें.
सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसलो. देवा, दया कर. भावोजींना बरं कर, नाहीतर मला बोलायचं बळ दे. दुसरं जड वाटलं, म्हणून पहिलंच दोनदा मागितलं.

१४ सप्टें.
रोह्याला गेलो. वाटेत कासू स्टेशनला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरणार होतो.

सांगितलं. सगळं.

ताई म्हणाली, "मी इतके दिस त्याच्या पाया पडत्ये, नि तुला ठाव व्हतं?" मी वाकलो तर पाय मागे घेतले. चुलीशी गेली, भात टाकला. आधी भावोजींना भरवलं. मग स्वतःला वाढून घेतलं नि माझ्यासमोर बसून जेवली. दोनदा भात घेतला.

मला वाढलं नाही. 'बस'सुद्धा म्हणाली नाही.

ती जेवली, देवा. आता मी काय मागू, ते तूच सांग.