न हलणारा काटा

सोमवार, ११

दुसऱ्या रिअ‍ॅक्टरच्या तापमानाचा काटा आज दिवसभर हलला नाही! साहेब खूश. मी नाही. अ‍ॅक्रिलिकचा पाक पहिल्या रिअ‍ॅक्टरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अखंड वाहतो, दाट होत जातो, तापतो. तापमान थोडं तरी खालीवर व्हायलाच हवं. आणि दादाची जागा वर, नेमकी त्या रिअ‍ॅक्टरशेजारी. पाक ढवळणारी मोटर घोरतेय म्हणाला. ‘म्हातारी झालीय. तू खाली कंट्रोल रूममध्ये बसून कसली घाबरतेस?’

मंगळवार, १२

साहेबांनी हसत हसत तापमापक बदलून घेतला. नवाही तेच दाखवतो. जीव भांड्यात पडला.

बुधवार, १३

कसला पडतोय! जेवताना घास हातातच राहिला — तापमापक बदलला, पण तो ज्या पोलादी नळीत बसतो ती तशीच आत आहे. तिच्यावर प्लास्टिकचा थर चढला असेल तर? रजईवरून ताप बघितल्याची गत!

साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात रिअ‍ॅक्टर धुवायचाच आहे, तेव्हा बघू. पाक बंद करावा तर तेही भयंकर, कारण मागून येणारा गार पाकच आतल्याला आवरतो, नाहीतर स्फोट. दादाला फोन केला. ‘घाबरट’ म्हणाला आणि ठेवून दिला.

गुरुवार, १४



मोटरची गुरगुर आज खाली मला ऐकू आली, म्हणजे पाक तिला ढवळवेना इतका घट्ट झालाय. कुणाला न विचारता सॉल्व्हंट पूर्ण सोडलं — पाक पातळ होऊन निवेल, माल गेला खड्ड्यात. थोड्या वेळाने काटा सुसाट वर! साहेब ओरडले, बंद कर, तूच बिघडवलंस. मलाही तसंच वाटलं. मग लक्षात आलं, सॉल्व्हंटने नळीवरचा थर विरघळतोय. हा काटा आता खरं दाखवतोय. आत इतकी धग होती!

दादाला फोनवर विनवलं, खाली ये.

‘मोटर थांबली तर सगळंच संपलं. मी इथे आहे. तू सॉल्व्हंट बंद करू नकोस.’

नाही केलं. काटा लाल रेषेला टेकला, थांबला, मग हळूहळू उतरला. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

शुक्रवार, १५

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. दादा मात्र सगळ्यांना सांगत फिरतोय, आमची घाबरट बघा!

शनिवार, १६

वहिनी भेटली. सोमवारपासून दादा कामावर जाताना लग्नाची अंगठी काढून तिच्या हातात देत होता. म्हणायचा, सैल झालीय.

काल परत घातली. बोटात घट्ट बसते.