मामांचा फेटा आणि दादाची बोट

प्रिय मुक्तावहिनी,

दादा सुटला. तुला हे माझ्याआधी कळलं असणार, तरी मला एकदा स्वतःच्या हाताने लिहून बघायचं होतं. बातमी आली तेव्हा मी इकडे उत्तरेत, तेलीबागेत नरहरकाकांची गाडी धूत होतो. तसाच ओल्या हातांनी वर पळालो आणि त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, अरे, मी काय केलं? आधी खालचा नळ बंद कर.

काका म्हणजे मी ज्यांची गाडी चालवतो ते. सगळी नोकरी आपल्या परदेशातल्या दूतावासांत झाली, आता लेकीकडे असतात. नातवंडं 'हाँ नानू' म्हणून हिंदीत सुरू होतात, म्हणून मराठी सगळं माझ्या वाट्याला. सुरत सोडली, पुणं सोडलं, माझं बूड कुठे टेकत नाही, तुला माहीतच आहे. इथे टिकलो तो या गप्पांमुळे.

दादाची बोट आपल्या हद्दीत घुसली म्हणून त्या देशाने अडवली आणि खलाशांना धरून ठेवलं, तेव्हा मी काकांवरच भडकलो होतो. म्हटलं, तुमचे साहेब लोक नुसते चहा पितात. मी दिल्लीला फलक घेऊन बसणार होतो, तू चॅनलवाल्यांना बोलावणार होतीस. काका म्हणाले, बस हवं तर, पण त्यांना शिव्या देऊ नकोस. त्यांचा मंत्री एकदा चारचौघांत 'सोडणार नाही' बोलला की त्यालाही तो शब्द गिळता येत नाही. मागे फिरायला वाट लागते, आणि ती चहा पीत पीतच शोधतात. मला काही पटलं नाही यार. चूक त्यांची, आणि वाट आपण शोधून द्यायची?

मग तुमचं लग्न आठवलं. तुझ्या मामांना फेटा बांधायचा राहिला आणि ते जाऊन बसमध्ये बसले. आमच्याकडचा जो तो समजूत काढायला जातोय आणि मामा आणखी ताठ होतायत. शेवटी दोन्हीकडच्या ओळखीच्या विजयाकाकू गेल्या. माफीचं नाव नाही. फेटेवाला आत्ता कुठे मोकळा झालाय, फोटो तुमच्यासाठी थांबलाय, एवढंच म्हणाल्या. मामा उतरले. चूक कुणाची, हे आजपर्यंत कुणी काढलेलं नाही.

दादाच्या वेळीही अशीच एक विजयाकाकू निघाली, दोघांशी बरं असलेला तिसरा देश. मग त्यांनी जाहीर केलं, खलाशांच्या तब्येतीकडे पाहून सोडत आहोत. तब्येत! दादा फोनवर म्हणाला, अरे, इथे बसून बसून माझी पँट होईना झालीय. हद्दीचं नाव कुणी घेतलं नाही, त्यांनीही नाही, आपणही नाही. हसता हसता मला रडूच आलं. देशसुद्धा मामांसारखे बसमध्ये जाऊन बसतात, हे मला बातम्या बघून कधी कळलं नसतं.

आता घरचं. फ्लॅटच्या हौसेपायी तू दादाला बोटीवर धाडलंस, असं आई बोलली आणि तू चिपळूणला माहेरी निघून गेलीस. आई घाबरली होती गं. तूही घाबरली होतीस. आता ती 'ये' म्हणणार नाही, तू 'येते' म्हणणार नाहीस, माझा फोन तर तू उचलतच नाहीस, आणि शनिवारी दादा गुहागरला घरी पोचतोय. म्हणून इथल्या मलिहाबादच्या बागेत जाऊन दशहरी आंब्यांची पेटी निवडली आणि आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवली. हापूसवाल्यांना दशहरी म्हणजे आगाऊपणाच, पण आपला हापूस संपला असेल. पेटी शुक्रवारी येईल. नंबर तुझा दिलाय, ओटीपी तुझ्याच मोबाइलवर येणार, त्याशिवाय कुरिअरवाला पेटी देणार नाही. आईला सांगितलंय, वहिनी आंबे सोडवायला येईल. 'मी कुठे अडवलंय?' म्हणाली, आणि लगेच विचारलं, तिला सकाळची गाडी मिळेल ना? तेवढा ओटीपी फोनवरून सांगू नकोस. बँकवालेसुद्धा नको म्हणतात.

तुझाच, मधला माणूस,
इंद्रजित