डोलीतला म्हातारा

१२ नोव्हेंबर १९७३, कानाझावा

डॉक्टर ओनुकींनी मला एकटीलाच आत बोलावलं. बाबांच्या पोटात गाठ आहे. पुढचा वसंत ऋतू दिसला तर दिसला! "त्यांना सांगू नका हं. असलं दुखणं रोग्याला कोणीच सांगत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर बाबा. "काय म्हणतोय बुवा?"

"पोटात व्रण आहे, साधा अल्सर," म्हटलं. पटकन! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर

संग्रहालयाला बाबांकडून जुन्या वाहनांची बारा चित्रं हवीत. दहा झाली — सरदारांचा बैलगाडा, हातरिक्षा, मिठाची होडी. आता डोली आणि तिचे दोन भोई. बाबा शांतपणे शाई उगाळतात. मला रडू आलं की कांदा चिरायला घेते.

"ताझुको, रोज कांदा? खानावळ काढलीस की काय?"

१९ नोव्हेंबर

पाकिटावरचं औषधाचं नाव खरवडत होते. बाबा मागे उभे!

"काय खरवडतेस?"

"किंमत."

हे काय उत्तर झालं? मूर्ख बाई! कळलं असेल का? कळलं तर हात-पाय गाळतील, कुंचला खाली ठेवतील.

२२ नोव्हेंबर

डोली झाली. बाबांनी स्वतःच गुंडाळून दिली. "उघडू नकोस, शाई ओली आहे. पोस्टात टाक."

पेज अर्धी वाटी खाल्ली. "हिच्यापेक्षा शाईला चव असेल," म्हणाले. हसले मी. हसावंच लागतं.

२७ नोव्हेंबर

संग्रहालयातून हायासाकांचा फोन. आधी हवापाणी, मग चाचरत — "राग मानू नका... डोलीतल्या माणसाचा किमोनो उजवी बाजू वर घेऊन नेसवलाय." अगंबाई! तशी तर मढ्याला नेसवतात. जिवंत माणसाची डावी वर, शेंबड्या पोरालाही ठाऊक. साठ वर्षं माणसं काढणारा हात चुकला? गाठ डोक्यात चढली का? उद्या चित्र घेऊन येतायत.

२८ नोव्हेंबर

चित्र पाहिलं. उजवी बाजू वरच. रेघ ठाम, कुठेही कचरलेली नाही. डोलीतल्या म्हाताऱ्याच्या कानामागे आवाळू. बाबांचंच.

चित्र तसंच राहू द्या, म्हणून हायासाकांना हात जोडले.

२९ नोव्हेंबर

बारावं चित्र सुरू. मान वर न करता बाबा म्हणाले, "व्रणाचं तू इतकं छान सांगितलंस गं, मोडवेना मला. आता तो कांदा पुरे."