ऑगस्ट

टॅम्सिन,

मुलींच्या ऑसी फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तुझं डोकं आपटलं. संघाची फिजिओ म्हणून, मेंदूला मार बसलाय का ते पाहायला, मी तुला महिने उलटे म्हणायला लावले. तू ऑगस्ट गाळलास.

"खडूस! मोसमाआधीच्या चाचणीतही गाळला होता. मी ढच आहे, सोड मला!"

तेव्हा मुद्दाम गाळला होतास, पुढे डोक्याला मार बसलाच तर तो लपावा म्हणून. पण लहानपणी गाडीतून बर्नी शहराला जाताना मागच्या सीटवर तेच उलटे महिने घोकून तू वात आणायचीस. मी बहीण आहे, हे मला ठाऊक होतं, म्हणून तुला बाहेर बसवलं. तुझ्या जागी उतरलेलीचा चेंडू खांबाला घासला, सहाऐवजी एकच गुण मिळाला आणि आपला टास्मानियाचा संघ हरला. तेव्हापासून तू अबोला धरलास.

आज न्हाणीघरातून तुझा आवाज आला. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. दाराबाहेर मी श्वास रोखला.

ऑगस्ट आला.

आता बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी खडूस,
ब्रॉनी