थंड पाण्यात धुतलेला खून

सौ. ताईस,

धाकटीचा नमस्कार (इस्त्री बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून केलेला आहे, तेव्हा पुरा धरावा). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला असेलच, आणि नसला तर त्यांना सांग की खोकण्याआधी खिडकी लावून घेत जा, शेजाऱ्यांना वाटतं तुमचं भांडण चाललंय. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे एकमेकांशी बोलतो आहोत, आणि गेल्या आठवड्यात जे झालं ते पाहता यालाच खुशाली म्हणायची.

फोनवर तू नाटकाचं विचारलंस तेव्हा मी "झालं की बरं" म्हणून फोन ठेवला. बरं वगैरे काही झालं नाही. झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण हे शेजारीच बसून हातांना मलम लावत होते. म्हणून हे पत्र. चहा करून घे आणि मग वाच.

आमच्या लाँड्रीत दरवर्षी कामगारांचं नाटक होतं हे तुला माहीत आहे. आजवर आम्ही विनोदी नाटकं केली (लोक गंभीरपणे बघायचे, तो भाग वेगळा). यंदा आमचे सुपरवायझर साहेब निवृत्त व्हायचे होते, म्हणून काहीतरी भारदस्त करावं असं गाडीवाल्याच्या मनात आलं. गाडीवाला म्हणजे हॉटेलांच्या चादरी पोचवणारा आमचा दिग्दर्शक. तालमीत कुणी चुकलं की हा तोंडाने काही बोलत नाही, उजवा पाय जमिनीवर जोरात दाबतो. त्याने कुठूनसं एक जुनं शोकांत नाटक पैदा केलं. एक सेनापती असतो, भला माणूस. त्याची बायको त्याच्या डोक्यात भरवते की राजाला मार आणि गादीवर बस. तो मारतो, बसतो, राजाचा पांढरा झगा अंगावर चढवून दरबारात येतो. झग्यावर रक्ताचा डाग असतो. तो डाग त्याला खायला उठतो, त्याचं भान जातं आणि भर दरबारात तो स्वतःच सगळं ओकून टाकतो. त्यानंतर जवळजवळ सगळेच मरतात, पण तिथवर लोकांना शेवटच्या बसची आठवण झालेली असते.

आता खरी भानगड ऐक. साहेबांच्या जागी कोण, हे साहेबांच्याच शिफारशीवर ठरणार होतं. ही जागा ह्यांना मिळावी म्हणून मी वर्षभर देव पाण्यात घालून बसले होते. हौस म्हणून नाही गं (थोडी हौस होती, तुझ्याशी काय लपवायचं). ह्यांचे हात तू पाहिले आहेस. वीस वर्षं डागांच्या टेबलावर बसून, शाई काढ, गंज काढ, तेल काढ, असं करून बोटांना भेगा पडल्यात. डॉक्टरने साफ सांगितलंय की त्या औषधांत हात घालणं बंद करा. साहेब झालं की हात कोरडे राहतात. माझं गणित एवढंच होतं. पण आमचे हे. वरची जागा मागायची म्हटलं की ह्यांच्या तोंडाला कुलूप. हातमोजे घाला म्हटलं तर म्हणतात, मोज्यातून डाग कळत नाही.

अशा परिस्थितीत नाटकातली कामं वाटली गेली. राजा साहेबच होणार होते, त्याशिवाय ते दुसऱ्या कुठल्या खुर्चीत बसलेच नसते. पण राजा साहेब म्हटल्यावर सेनापतीच्या कामाला माणूस मिळेना. शिफारस ज्याच्या हातात, त्याच्याच पोटात सुरा कोण खुपसणार? मशीनवाला, म्हणजे धुण्याच्या मशीनवरचा (ह्या जागेवर त्याचाही डोळा होता), त्याने चटकन राजाच्या प्रेतावर रडणाऱ्या प्रधानाचं काम पटकावलं. तालमीत तो इतका रडायचा की साहेबांचा सदरा बदलावा लागायचा. एकेक करून सगळे मागे सरले आणि जे काहीच बोलले नाहीत ते हे, म्हणून सेनापती हे. राणीच्या कामासाठी मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

ताई, ह्यांना खून जमेना. सुरा पुठ्ठ्याचा असूनही. सुरा उगारायचे, मग खाली वाकून साहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे आणि मग झुरळ झटकावं तसा हळूच तो टोचायचे. मला वाटलं, माफी मागतायत. गाडीवाल्यालाही तेच वाटलं, त्याचा पाय दाबून दाबून दुखायला लागला. मी घरी सुरू झाले. भाजी चिरताना ह्यांच्यापुढे राणीची वाक्यं म्हणायची, आणि म्हणता म्हणता ती वाक्यं राणीची राहायची नाहीत. नाटकातली राणी म्हणते, तुझ्या मनगटात जोर नाही. मी त्यापुढे माझ्या पदरचं घालायचे, की तुमच्यानं उभ्या जन्मात काही होणार नाही, तो मशीनवाला तुमच्या डोक्यावर येऊन बसेल आणि तुम्ही त्याच्या सदऱ्याचे डाग काढत बसाल. हे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे.

नाटकासाठी रक्त करायचं कामही ह्यांच्याकडेच आलं. इथेही ह्यांचा स्वभाव आडवा आला. गाडीवाल्याला हवं होतं गडद, घट्ट, जन्मभर न जाणारं रक्त. ह्यांनी केलं ते दिसायला अगदी खरं, पण थंड पाण्यात धरलं की निघून जाणारं. जो डाग निघत नाही तो मी माझ्या हातानं पाडणार नाही, म्हणाले. असला खुनी कुठल्या राजाच्या नशिबी येतो सांग.

नाटकाच्या दिवशी वाळवणीच्या हॉलमध्ये इस्त्रीची टेबलं जोडून रंगमंच केला होता. दोऱ्यांवर चादरींचे पडदे. समोर कामगार, त्यांची घरची माणसं, शिवाय मालक आणि मालकीणबाई. पहिला भाग कसाबसा पार पडला. हे वाकले, पुटपुटले, ह्यांनी सुरा टोचला. रक्ताची पिशवी फुटली, साहेब मेले (मेल्यावर त्यांनी पाय सरळ करून घेतला, पण तेवढं चालायचंच). प्रधान मनसोक्त रडला. मध्यंतर झालं.

मी आत आले. दरबाराच्या प्रवेशासाठी ह्यांना झगा घालायचा होता, तो खुंटीवरून काढून द्यायचं काम माझं. मी झगा काढला. छातीवर हा एवढा लाल डाग, ताजा, अजून ओला. ताई, तुला खोटं वाटेल, पण त्यानंतर मी विचार असा केलाच नाही. पंधरा वर्षं लाँड्रीत ज्या हातांनी हेच केलं, ते आपलं काम करत सुटले. नळ सुरू केला, डाग थंड पाण्यात धरला, चोळला, पिळला, वरून गरम इस्त्री फिरवली. कॉलरसुद्धा कडक केली. घडी घातली आणि नंबराची चिठ्ठी टाचायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाटकातला खून मी धुऊन टाकला होता. तेवढ्यात तिसरी घंटा झाली, गाडीवाल्याने माझ्या हातातून झगा ओढून ह्यांच्या अंगावर टाकला आणि पडदा सरकला.

दरबार भरलेला. मी राणी होऊन शेजारी उभी. ह्यांचं वाक्य होतं, हा डाग बघा, हा काही केल्या जात नाही. ह्यांनी हात छातीशी नेला आणि खाली पाहिलं. झगा दुधासारखा पांढरा. पहिल्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. मशीनवाल्याला तर हसू दाबता येईना, प्रधानाला गहिवर आल्यासारखी त्याने मान फिरवली. पडद्याआड गाडीवाल्याचा पाय जमिनीवर दाणकन आपटला. मला वाटलं, संपलं. जागा गेली, इज्जत गेली, आणि सगळं माझ्या हातानं.

ह्यांनी झग्याचं कापड चिमटीत धरून उजेडाकडे केलं. मग हळू आवाजात म्हणाले, "डाग निघालाय. पण कुठे होता ते मला माहीत आहे." आणि छातीवर नेमक्या जागी बोट ठेवलं. मग बाहीजवळ एका बारीक ठिकाणी, जिथे थेंब उडालेला माझ्याही लक्षात आला नव्हता. मग आणखी एका. तुम्हाला पांढरं दिसतंय, म्हणाले, मला नाही दिसत. ज्यांनी ह्यांना वीस वर्षांत सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं ती माणसं तोंड उघडं टाकून ऐकत होती.

पुढचं वाक्य माझं होतं. ते मला आठवेना. मला आठवत होतं ते सगळं मी भाजी चिरताना बोललेलं. तेही असंच कुठेकुठे जाऊन बसलं असेल, आणि ह्यांना प्रत्येक जागा माहीत असेल, असं मनात आलं आणि मी तिथेच हमसून रडायला लागले. राणीने तिथे तिरस्काराने हसायचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीवाला अजून म्हणतो की तो बदल त्याच्याच डोक्यात होता.

नाटक संपल्यावर साहेबांनी राजाची खोटी दाढी काढली, ती डाव्या हातात धरली आणि सगळ्यांसमोर बोलायला उभे राहिले. म्हणाले, मध्यंतरात मी आत बसून सगळं पाहिलं. नाटक पाण्यात जात असताना जिला आधी कपड्यावरचा डाग दिसतो, ती बाई माझ्या खुर्चीत बसेल, मालकांशी माझं बोलणं झालंय. मला वाटलं चुकून बोलले. मग म्हणाले, आणि माझ्या मारेकऱ्याचंही हेच म्हणणं आहे. तालमीत दर वेळी मला मारण्याआधी तो कानात एकच सांगायचा, साहेब, माझं नाव घालू नका, हिचं घाला. हॉलभर हशा पिकला. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे झग्याची घडी घालत होते.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी घरी येऊन कपाटाची दारं आपटली. ज्या माणसाला खुर्चीत बसवायला मी राणी झाले, त्याला टेबलावर ठेवून खुर्चीत मीच बसायचं? नाटकात निदान नवऱ्याला तरी गादी मिळते. हे मात्र निवांत जेवले आणि शांत झोपले. खुनी माणसाला झोप लागत नाही असं त्या नाटकात तीनदा म्हटलंय, ते काही खरं नाही.

असो. पत्र लांबलं. तुझ्या गुडघ्याला जप, भावोजींना नमस्कार, आणि मुलांना सांग की मावशी आता रंगमंचावरून निवृत्त झाली आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. साहेबांना मी अजून हो म्हटलेलं नाही. मोठ्या बहिणीला विचारून सांगते, असं मी त्यांना म्हणाले. तर तू मला एक खरमरीत पत्र पाठव, की ही जागा अजिबात घ्यायची नाही, नवऱ्याच्या वर बसणं शोभत नाही, घेतलीस तर माझ्या घरची पायरी चढू नकोस. तुझं अक्षर ठसठशीत आहे, साहेबांना दाखवता येईल. म्हणजे जागा ह्यांच्याकडे जाईल आणि माझं मन शांत होईल. शक्य तितकं कडक लिही.

ता. क. २. ते पत्र लिहू नकोस. लिहायला घेतलं असलंस तर फाडून टाक. पाकीट चिकटवायला मी हे पत्र ह्यांच्याकडे दिलं आणि ह्यांनी ते बसून सगळं वाचलं. मला वाटलं आता चिडतील. म्हणाले, मी साहेब झालो असतो तरी कठीण डाग आला की उठून टेबलावर गेलोच असतो, मला कुणी अडवलं नसतं. तू झालीस तर तू मला तिथून उठवशील. तुझ्याशिवाय ते कुणाला जमायचं नाही. ताई, मी साहेबांना हो कळवून टाकलं. उद्या पहिला हुकूम मी हाच काढणार आहे, ह्यांनी कपडे घेण्याच्या काउंटरवर बसायचं आणि मशीनवाल्याने डागांच्या टेबलावर, हातमोज्यांसकट.

ता. क. ३. सुपरवायझरचा पांढरा कोट आला आहे. इस्त्रीचं काम माझं, पण मी शेजारी गेले तेवढ्यात ह्यांनी तो मला न सांगता इस्त्री करायला घेतला. भेगाळलेल्या बोटांना मूठ धरवेना, आणि कॉलरवर बदामी चट्टा पडला. ह्यांचा चेहरा एवढासा झालाय. म्हणतात, हा करपलेला आहे, जगातल्या कुठल्याच औषधाने निघणार नाही, दुसरा कोट मागून घे. मी नाही मागणार. उद्या मी हाच घालून जाणार आहे, कॉलर वर करून.