कोरड्या भाकरीचा घास

प्रिय झुंबर,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून तुझ्या काळजात धस्स होईल, म्हणून आधी हेच लिहितो की इकडे सगळी माणसं धडधाकट आहेत आणि जनावरंही बरी आहेत. पत्ता सूनबाईकडून, मोनिकाकडून लिहून घेतला. माझं अक्षर पोस्टातल्या माणसाला लागेल याचा भरवसा नाही, आणि नेवाशाच्या चौकातली पेटी हल्ली कोणी उघडतं की नाही याचाही नाही, म्हणून पत्र पोस्टात जाऊन हातात देणार आहे. तू म्हणशील, खिशात मोबाईल असताना दादाला ही अवदसा कुठून आठवली? पण फोनवर तू मला बोलू देतेस का? "समदं बरं हाय दादा, तू कसा हाईस?" म्हणतेस आणि माझं उत्तर संपायच्या आत फोन नातवाच्या हातात देऊन मोकळी होतेस. मग तो पोरगा मला त्याच्या शाळेतल्या भांडणाच्या गोष्टी सांगत बसतो. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही. घरात कोणी नसेल तेव्हा वाच. चष्मा लाव. चुलीवर काही ठेवलं असेल तर आधी उतरव.

माझ्या दुखण्याचं तुला एवढंच कळलं की दादाला नगरला नेलं होतं, पोटाचं काहीतरी होतं, आता बरा आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला नगरच येतं.) तसं ते पोटाचं नव्हतं, गिळण्याचं होतं. दिवाळीच्या आसपास सुरू झालं. भाकरीचा घास छातीच्या मधोमध यायचा आणि तिथंच उभा राहायचा, आतून कोणी कडी लावल्यासारखा. वरून पाण्याचा घोट घेतला की सरकायचा. पुढं पुढं पाण्यालाही दाद देईना. मग मी भाकरी दुधात कुस्करायला लागलो. आपल्याकडं म्हाताऱ्यानं दुधात भाकरी कुस्करली तर का म्हणून कोणी विचारत नाही. दात गेले असतील, एवढंच म्हणतात. माझे खालचे दात अजून शाबूत आहेत हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढं कोण होतं ते तुला सांगायला नको. आपल्या आबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी भाकरी सुटली, मग भात, मग पेज, आणि शेवटी तू चमच्यानं दूध घालायचीस ते ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. त्या वेळी माणसाच्या आत डोकावून बघायची सोय आपल्या भागात नव्हती. काय झालं ते नीट कळलंच नाही. घरात त्या रोगाचं नावही कोणी घेतलं नाही, नाव घेतलं की येतो म्हणून. मलाही तसंच वाटायचं की कोणी बघितलं नाही तर तो माझ्यात नाहीच. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, गावात चार लोक मला विचारायला येतात, आणि मनात हे असलं. भ्यालेल्या माणसाचं शिक्षण कुठं जातं कोण जाणे.

मग मी उपास धरले. हसू नकोस. आधी एकादशी. मग देवगडच्या दत्ताचा गुरुवार, मग शनिवार. शिंगणापूर एवढं जवळ असताना शनिवार सोडून कसं चालेल? पुढं सोमवारही आला. उपासाच्या दिवशी ताट समोर येत नाही, आणि "आप्पा, भाकरी का टाकली?" असं कोणी म्हणत नाही. कपभर दूध घ्यायचं आणि देवाचं नाव घेत ओट्यावर बसायचं. माझी किंमत एवढी वाढली की वस्तीवरच्या सुना वाकून नमस्कार करायला लागल्या. भजनी मंडळातला काकासाहेब म्हणाला, "हनुमंता, तू तर पार साधू झाला लेका. आता तेवढी दाढी वाढव, मी तुझा मठ बांधतो." तुझ्या वहिनीला मात्र ते पटत नव्हतं. राहीबाई तोंडाची कशी आहे तुला माहीतच आहे. "जल्मभर मटनाच्या रश्श्याबिगर ऐतवार सरला न्हाई, अन आता गवऱ्या मसणात गेल्यावर देव आठवला," असं ती शेजारणीला सांगायची, मला ऐकू येईल अशा बेतानं.

मोनिकाला संशय आला तो उशीमुळं. रात्री आडवं झालं की प्यालेलं दूध परत वर यायचं, नासल्यासारखं, आणि उशीवर डाग पडायचे. मी खोळ उलटी करून घालायचो. पण धुणं तिच्या हातात. शिवाय माझं मनगटी घड्याळ घसरून कोपराकडं जायला लागलं होतं, ते तिनं पाहिलं असणार. एका दुपारी माझा सुनील डेअरीवर गेलेला, राहीबाई शेजारी गेलेली, आणि ही पोरगी ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसली. ताटलीत फक्त कोरड्या भाकरीचा एक तुकडा. दूध नाही, पाण्याचा तांब्याही नाही. म्हणाली, "आप्पा, एवढा घास माझ्यासमोर खा. खाल्लात तर मी परत कधीच काही विचारणार नाही." मी म्हणालो, "आज सोमवार हाय." ती म्हणाली, "आज मंगळवार आहे, आप्पा."

झुंबर, मी तो तुकडा तोंडात घातला. चावत राहिलो. त्याचं पीठ झालं, पाणी झालं, तरी मला गिळायचा धीर होईना. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मग तिनं मान खाली घातली. रागावली नाही. थुंकायला हात पुढं केला, लहान मुलापुढं करतात तसा. तिचं लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तिच्याशी चहा आणि जनावरांचं खाद्य एवढ्यावरच बोललो असेन. त्या दिवशी तिच्यासमोर आबांचं सगळं सांगितलं.

नगरला ज्या डॉक्टरीण बाईंकडं गेलो त्या बारीक चणीच्या आहेत, तुझ्या भागवतपेक्षाही लहान वाटतात. म्हणाल्या, दुर्बीण घालून बघू. नळीच्या टोकाला कॅमेरा असतो, अन्ननलिका आणि जठर आतून टीव्हीवर दिसतं. नळी म्हटल्यावर मला आपले बैल आठवले. बैलाचं पोट फुगलं की आपण बांबूच्या नळकांड्यानं त्याला तेल पाजायचो, एक जण शिंगं धरायचा, एक जण जीभ. मला वाटलं आता माझी पाळी. पूर्ण रिकाम्या पोटी या, असं त्यांनी बजावलं होतं. पण नेमकी ती एकादशी आली. राहीबाईचं म्हणणं, "एकादशीचं निव्वळ उपाशी गाडीत बसत्यात व्हय? चक्कर यील. भगर म्हंजी काय जेवान हाय का?" मलाही ते पटलं. पातळ भगर दुधात कालवून घेतली. आपल्याकडं फराळाला खाणं कोण म्हणतं?

तिथं विचारलं, काही खाल्लंय का? मी छातीला हात लावून सांगितलं, पाण्याचा थेंबही नाही, एकादशी आहे. नळी आत गेली आणि लगेच बाहेर आली. डॉक्टरीण बाईंनी मोनिकाला आत बोलावून फोटो दाखवला. माझी भगर सगळी तिथंच, अडलेल्या जागेच्या वर, पांढरं डबकं करून बसलेली. बाई म्हणाल्या, "आजोबा, कॅमेऱ्याला फराळ आणि जेवण सारखंच दिसतं हो." मग खरंच रागावल्या. हे श्वासनळीत गेलं असतं तर माझं काय झालं असतं ते सांगितलं. परतीच्या वाटेवर घोडेगावापाशी मोनिका एकदम हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. तेव्हा मला कळलं की ती माझ्याएवढीच घाबरलेली होती.

दुसऱ्या खेपेला पोट कोरडं ठणठणीत होतं. हे सगळं तुला बारकाईनं लिहितो, कारण मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझी अर्धी भीती गेली असती. वरची कवळी काढून घेतात. घशात कडू फवारा मारतात, जीभ दुसऱ्याचीच असल्यासारखी बधिर होते. डाव्या कुशीवर निजवतात, दातांत एक भोकाचं प्लॅस्टिक देतात, नळी चावू नये म्हणून. नळी करंगळीएवढी असेल. घशातून जाताना उमासे येतात, डोळ्यांतून पाणी गळतं, लाळ गळते, लाज वाटते. पण दुखत नाही. सिस्टरबाई पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "नाकानं श्वास घ्या आप्पा, झालंच, झालंच." चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात संपलं. तेवढ्यात त्यांनी आतला बारीक तुकडाही चिमट्यानं काढून घेतला, तपासायला. मला ते कळलंसुद्धा नाही.

तुकड्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र वाईट गेले. मी सुनीलला बोअरच्या स्टार्टरची खोड समजावून सांगितली, कोणती गाय धार देताना लाथ मारते ते सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, ती गाय मीच आणलीय." निकाल आला तेव्हा तो रोग नव्हता, झुंबर. आबांचा रोग नव्हता. वर्षानुवर्षं छातीत जळजळायचं आणि मी खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायचो. त्या आंबटानं अन्ननलिकेचं खालचं तोंड आतून पोळत गेलं, भरत गेलं आणि आकसत गेलं. त्यावरही इलाज त्याच नळीनं. तिच्यातूनच मिटलेला फुगा आत सरकवतात, अडलेल्या जागी नेऊन फुगवतात आणि वाट रुंद करतात. कुठं चिरायचं नाही, टाके नाहीत. एकदा करून भागलं नाही, पुन्हा जावं लागलं, अजूनही एकदा जायचं आहे. सकाळी अनशापोटी गोळी असते. ती विसरली तर काय होईल या काळजीनं मी पहाटेच उठून बसतो.

ज्या दिवशी भाकरी खायची परवानगी मिळाली, त्या दिवशी राहीबाईनं बाजरीची भाकरी केली आणि पाट्यावर ठेचा वाटला. कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. सुनील बराच वेळ एकच चप्पल झटकत होता. राहीबाई विझलेल्या चुलीला फुंकत होती. घास खाली उतरला, कुठंही न थांबता, आणि मी दुसरा तोडला. तेव्हा राहीबाई म्हणाली, "संपला वाटतं संन्यास!" देवाचे उपकार तर आहेतच. पण त्या डॉक्टरीण बाईंचे, त्या सिस्टरचे, ज्या कोणी परमुलखातल्या माणसानं ती नळी शोधून काढली त्याचे, आणि मोनिकाचे उपकार मी रोज पहिल्या घासाला आठवतो. मोनिकाला एकदा तोंडानं सांगायला गेलो. ती माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आप्पा, ताप आलाय का?" आपल्या घरांतून सासऱ्यानं सुनेला असं कधी म्हणायची रीत नाही, मग तिला तरी कसं खरं वाटावं?

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. भागवतच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी मिरजगावला आलो होतो, तेव्हा तू सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसलीस. मी मांडवाच्या खांबाला टेकून तुझ्याकडंच बघत होतो. तू पुरणपोळी दुधात बुडवलीस, बोटांनी पार लगदा केलास, आणि प्रत्येक घासाला तांब्या तोंडाला लावलास. मग हात छातीच्या मधोमध दाबून उठलीस आणि घरामागं गेलीस. परत आलीस तेव्हा तुझे डोळे ओले होते आणि तू सुपारी विचारत फिरत होतीस. भागवत मोठ्या कौतुकानं मला म्हणाला, "मामा, आईचं आता समदं लक्ष देवाकडं लागलंय, आठवड्यातलं चार दिस उपास करती." झुंबर, तुझ्या घरात ते कोणाला कळणार नाही, पण मला कळतं. तुला काय झालंय ते मला माहीत नाही. माझ्यासारखंच असेल असं लिहून तुला फसवणार नाही. डॉक्टरीण बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, काहीही असलं तरी लवकर बघितलं तर हातात पुष्कळ असतं, उशीर तेवढा करू नका. सोमवारी सकाळी मी आणि मोनिका गाडी घेऊन येतो, तिथून तुला घेऊन नगरला जाऊ. भागवतला मी काही बोललेलो नाही, सांगायचं ते तू सांग. दारात आल्यावर चहाला बसवून वेळ काढू नकोस, मी बसणार नाही. तू फक्त डाव्या कुशीवर निजायचं आणि नाकानं श्वास घ्यायचा. बाहेर बाकड्यावर बसून घाबरायचं काम माझं, ते मला चांगलं जमतं.

तुझाच,
हनुमंतदादा